कांचपट्टीवरचा निकाल

माझें सारें आयुष्य पेपर तपासण्यांत आणि निकाल लावण्यांत गेलें. छत्तीस वर्षें मी शाळामास्तर होतों. एप्रिल महिन्यांत पेपरांचे गठ्ठे घरीं येत, आणि एक मे या दिवशीं निकालपत्रकें मुलांच्या हातीं पडत. त्या अनुभवानें एक गोष्ट मला शिकविली. कोणत्याही परीक्षेचें मोल तीन प्रश्नांवरून ठरतें. ज्यांनीं परीक्षेस बसावयास हवें होतें त्यांपैकीं किती बसले? तपासणाऱ्यानें पेपर किती लक्ष देऊन तपासले? आणि निकाल ज्याचा त्याला केव्हां कळला? या तिहींपैकीं एकाचेंही उत्तर असमाधानकारक असेल, तर प्रश्नपत्रिका कितीही चांगली असून उपयोग नाहीं.

आज ज्या परीक्षेचा इतिहास मी आपणांपुढें मांडणार आहें ती मुलांची नव्हे, आपल्या आयाबहिणींची आहे. गर्भाशयाच्या मुखाशीं होणारा कर्करोग वेळेवर ओळखतां यावा म्हणून जी तपासणी करतात, ती ही परीक्षा. पुरुषानें, त्यांतून माझ्यासारख्या म्हाताऱ्या मास्तरानें, या विषयावर जाहीरपणें बोलावें हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु या बाबतींत मौन पाळल्यानें काय होतें तें मीं घरांत पाहिलें आहे. तें शेवटीं सांगेन. प्रथम इतिहास.

या रोगाचा एक विशेष असा कीं, तो एकाएकीं उद्भवत नाहीं. गर्भाशयमुखावरील पेशींत आधीं सूक्ष्म बदल होऊं लागतात, आणि त्या बदलांचें कर्करोगांत रूपांतर होण्यास साधारणतः दहा-पंधरा वर्षें लागतात. या अवधींत स्त्रीला कसलाही त्रास होत नाहीं. त्रास होऊं लागतो तेव्हां बहुधा रोग पुढें गेलेला असतो. उलट, या मधल्या काळांत बदललेल्या पेशी ओळखल्या गेल्या, तर लहानशा उपचारानें तेवढा भाग काढून टाकतां येतो व पुढचें संकट टळतें. निसर्गानें येथें माणसाला एवढी मोठी मुदत दिली आहे. ती मुदत आपण कशी वापरली, हाच या तपासणीचा इतिहास.

या इतिहासाचा आरंभ गिनीपिग नांवाच्या लहानशा प्राण्यापासून होतो. जॉर्ज पापानिकोलाऊ हा ग्रीस देशांतील कीमी गांवीं १८८३ सालीं जन्मलेला वैद्यकशास्त्राचा पदवीधर. १९१३ सालीं तो पत्नीसह अमेरिकेंत गेला. न्यूयॉर्क येथील कॉर्नेल वैद्यक महाविद्यालयांत त्याला काम मिळालें. गिनीपिगच्या मादीचें ऋतुचक्र तिला न मारतां कसें ओळखावें, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. योनिमार्गांतील द्रव कांचेच्या पट्टीवर पसरून तो सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला, तर पेशींच्या रूपावरून चक्राचा टप्पा ओळखतां येतो, असें त्याच्या ध्यानांत आलें. १९१७ सालीं स्टॉकर्ड या आपल्या वरिष्ठाबरोबर त्यानें हें प्रसिद्ध केलें. पुढें तीच पद्धत त्यानें स्त्रियांच्या बाबतींत वापरून पाहिली. या कामीं त्याची पत्नी अँड्रोमाखी हिनें वर्षानुवर्षें स्वतःचे नमुने दिले, शिवाय प्रयोगशाळेंतही ती त्याच्या बरोबरीनें राबली. पाठ्यपुस्तकांत नांव पतीचें येतें. परंतु पत्नीनें नमुने दिले नसते तर ही विद्या इतक्या लवकर पुढें सरकली नसती, हें मुलींना शिकवितांना मीं नेहमीं सांगत असें.

असे नमुने तपासतां तपासतां पापानिकोलाऊला कांहीं पट्ट्यांवर कर्करोगाच्या पेशी दिसल्या. १९२८ सालीं मिशिगन प्रांतांतील बॅटल क्रीक येथील परिषदेंत त्यानें हा शोध मांडला. त्याच सुमारास रुमानियांत औरेल बाबेश या वैद्यानेंही स्वतंत्रपणें अशीच पद्धत बुखारेस्ट येथें सादर केली होती. दोघांच्याही म्हणण्याकडे कोणीं फारसें लक्ष दिलें नाहीं. रोगाचें निदान करावयाचें तर मांसाचा तुकडा काढून तपासावा, सुट्या पेशींवरून काय कळणार, असें त्या वेळच्या तज्ज्ञांचें मत होतें. पापानिकोलाऊ आपल्या कामास लागला. पुढें स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट याच्या साहाय्यानें त्यानें १९४१ सालीं निबंध व १९४३ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें जग जागें झालें. त्याच्या नांवाचें लघुरूप करून या तपासणीला पॅप चाचणी असें नांव पडलें. १९४७ सालीं अर्नेस्ट एअर या वैद्यानें गर्भाशयमुखावरून पेशी खरवडून घेण्यासाठीं एक साधी लांकडी पट्टी पुढें आणली. शोध प्रयोगशाळेंतून दवाखान्यांत येण्यास या लांकडाच्या तुकड्याची मोठी मदत झाली.

येथवर प्रश्नपत्रिका तयार झाली. आतां परीक्षेस कोण बसणार?

कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें १९४९ सालीं या तपासणीची सुरुवात केली, आणि पुढें ती प्रांतभर पसरली. इंग्लंडांत १९६० नंतरच्या दशकांत तपासणी सुरू झाली. परंतु तिची व्यवस्था विस्कळित होती. जी स्त्री इतर कारणानें दवाखान्यांत येई तिची तपासणी होई. त्यामुळें तरुण स्त्रियांची पुन्हा पुन्हा तपासणी झाली, आणि ज्या वयांत धोका अधिक त्या वयाच्या स्त्रिया घरींच राहिल्या. कांचपट्ट्यांची संख्या फुगली, पण मृत्यु त्या मानानें घटले नाहींत. शाळेंत हुशार मुलांचीच पुन्हा पुन्हा परीक्षा घेऊन वर्गाचा निकाल चांगला लागला असें म्हणण्यासारखें तें होतें.

१९८८ सालीं तेथें मोठी सुधारणा झाली. सर्व स्त्रियांचीं नांवें संगणकांत घालून, ठराविक मुदतीनें प्रत्येकीला पत्र पाठवून बोलावण्याची पद्धत सुरू झाली. १९८८ सालीं ठरलेल्या वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ४२ जणींची तपासणी वेळेवर झालेली होती. १९९४ पर्यंत हें प्रमाण शेंकडा ८५ वर गेलें. २००४ सालीं पीटो व त्याचे सहकारी यांनीं हिशेब मांडला कीं, ही तपासणी नसती तर ब्रिटनमध्यें दर वर्षीं ५,००० पर्यंत अधिक स्त्रिया या रोगानें दगावल्या असत्या. सूक्ष्मदर्शक तेंच, लांकडी पट्टी बहुतेक तीच. फरक पडला तो हजेरीपटामुळें. मास्तरकी केलेल्या माणसाला याचें नवल वाटत नाहीं.

आतां दुसरा प्रश्न, पेपर तपासण्याचा. एका कांचपट्टीवर हजारों पेशी असतात. त्यांत बिघडलेल्या पेशी कधीं कधीं मोजक्याच असतात, आणि त्या शोधण्यासाठीं सारी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहावी लागते. बहुतेक पट्ट्या निर्दोष असतात. त्यामुळें शंभर निर्दोष पट्ट्या पाहून थकलेल्या डोळ्यांना पुढची पट्टीही निर्दोषच दिसूं लागते. रात्रीं उशिरां तपासलेल्या पेपरांतल्या चुका माझ्याही नजरेंतून सुटत, हें मी कबूल करतों. तेथें चूक झाली तर मुलाला दोन गुण अधिक मिळत; येथें चुकीची किंमत निराळी.

अमेरिकेंत १९८७ सालीं वॉल्ट बोगडॅनिच या पत्रकारानें एका वृत्तपत्रांत असें उघडकीस आणलें कीं, कांहीं प्रयोगशाळा तपासनिसांकडून घाईघाईनें व बेसुमार पट्ट्या तपासून घेतात. त्या लेखांनीं देशांत खळबळ उडाली. १९८८ सालीं तेथील विधिमंडळानें प्रयोगशाळांसाठीं कायदा केला. त्यान्वयें एका तपासनिसानें चोवीस तासांत १०० पेक्षां अधिक पट्ट्या तपासूं नयेत अशी मर्यादा घातली गेली, आणि निर्दोष ठरविलेल्या पट्ट्यांपैकीं निदान शेंकडा दहा पुन्हा तपासाव्यात असें ठरलें. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेंत तपासलेल्या उत्तरपत्रिकांपैकीं कांहीं दुसऱ्या जाणत्या परीक्षकाकडे जातात, त्यांतलाच हा प्रकार.

इंग्लंडांतही हा धडा सुखासुखीं मिळाला नाहीं. केंट परगण्यांतील कँटरबरी येथील इस्पितळांत १९९० ते १९९५ या काळांत तपासलेल्या पट्ट्यांत चुका झाल्याचें आढळलें. सुमारें ९१ हजार पट्ट्या पुन्हा तपासाव्या लागल्या, आणि कित्येक स्त्रियांचे रोगट नमुने निर्दोष म्हणून गेले होते हें सिद्ध झालें. त्यांतील कांहीं स्त्रिया तोंपर्यंत या जगांत राहिल्या नव्हत्या. १९९७ च्या चौकशी अहवालानंतर प्रयोगशाळांवरील देखरेख कडक झाली. असे दोष घडूनही एक सत्य मात्र विसरतां कामा नये. उत्तम प्रयोगशाळेंतही एका पट्टीचा निकाल सर्वस्वीं विश्वासार्ह नसतो. म्हणूनच तपासणी ठराविक मुदतीनें पुन्हा करावयाची असते. एका खेपेस सुटलेलें पुढच्या खेपेस सांपडावें, या हिशेबावरच तिची सारी उभारणी आहे.

तिसरा प्रश्न निकालाच्या मुदतीचा. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. जो रोग वाढावयास दहा वर्षें घेतो त्याच्या निकालास दहा आठवडे लागले तर काय बिघडलें, असें कोणी विचारील. पण निकालाची वाट पाहणारी बाई त्या दहा आठवड्यांत रोज मनानें मरत असते, हा एक भाग. दुसरा भाग असा कीं, उशिरां येणारा निकाल पुष्कळदां येतच नाहीं. पत्ता बदलतो, कागद गहाळ होतो, आणि कांहीं कळलें नाहीं म्हणजे सारें ठीक असणार असें घरांतलीं माणसें धरून चालतात.

इंग्लंडांत नमुना घेतल्यापासून १४ दिवसांच्या आंत निकाल स्त्रीच्या हातीं पडावा असा दंडक घालण्यांत आला; शंभरांपैकीं ९८ जणींच्या बाबतींत तो पाळला जावा अशी अपेक्षा होती. परंतु २०१५ च्या नोव्हेंबरनंतर हा दंडक पाळला गेला नाहीं, आणि २०१८ च्या मार्च महिन्यांत तर सुमारें एक तृतीयांश स्त्रियांनाच मुदतींत निकाल मिळाला. त्याचें कारण लक्षांत घेण्याजोगें आहे. लवकरच नवी पद्धत येणार व पुष्कळ प्रयोगशाळा बंद होणार, असें आधींच जाहीर झालें होतें. तेव्हां तेथील अनुभवी तपासनीस काम सोडून जाऊं लागले, आणि न तपासलेल्या नमुन्यांचे ढीग सांचले. नवी शाळा बांधून होण्यापूर्वींच जुनीचे मास्तर निघून जावेत, तसें झालें.

आयर्लंडची हकीकत याहून हृदयद्रावक आहे. तेथें २००८ सालीं देशव्यापी तपासणी सुरू झाली, आणि पुष्कळशा पट्ट्या वाचण्यासाठीं अमेरिकेंतील प्रयोगशाळांकडे पाठविल्या जात. ज्या स्त्रियांना पुढें कर्करोग झाला त्यांच्या जुन्या पट्ट्या पुन्हा काढून पाहण्यांत आल्या. त्यांपैकीं २२१ जणींच्या बाबतींत पहिला निकाल बदलावयास हवा होता असें दिसलें. परंतु बहुतेकींना तें वेळेवर सांगितलेंच गेलें नाहीं. व्हिकी फेलन या बाईची २०११ सालची पट्टी निर्दोष ठरली होती. २०१४ सालीं तिला कर्करोग निघाला. २०१८ सालीं ती न्यायालयांत उभी राहिली व गुप्ततेच्या अटीवर सही करण्यास तिनें नकार दिला, म्हणून हें सारें देशाला कळलें. २०२२ च्या नोव्हेंबरांत ती वारली. त्या गदारोळांत सरकारनें पुन्हा तपासणी मोफत करण्याची मुभा दिली. एकदम इतक्या स्त्रिया आल्या कीं, निकालास अनेक महिने लागूं लागले. चांगल्या हेतूनें केलेल्या गोष्टीनेंही व्यवस्था कशी मोडते, याचें हें उदाहरण आहे.

त्याच देशांतली आणखी एक गोष्ट २०१९ सालची. एका बाईला आपला निकाल मिळाला नाहीं. ती स्वस्थ बसली नाहीं. तिनें पुन्हा पुन्हा पत्रें पाठवून विचारणा केली. तिच्या चिकाटीमुळें शोध घेतां असें निघालें कीं, एका प्रयोगशाळेच्या संगणकांतील दोषामुळें निकालपत्रें निघालींच नव्हतीं. प्रथम अशा स्त्रिया सुमारें ८०० असाव्यात असें म्हटलें गेलें. चौकशीअंतीं तो आंकडा ४,००० च्या आसपास गेला. एका बाईनें विचारलें म्हणून हजारों जणींची गोष्ट उजेडांत आली.

मध्यंतरीं शास्त्रही पुढें गेलें होतें. जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउजेन यानें १९८३ व १९८४ सालीं दाखविलें कीं, या कर्करोगाच्या मुळाशीं पॅपिलोमा जातीचे विषाणु असतात. त्याबद्दल त्याला २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. यामुळें प्रथम यंत्रानें विषाणु शोधावा, आणि तो सांपडला तरच पेशी डोळ्यांनीं पाहाव्यात, अशी नवी पद्धत आली. इंग्लंडांत ती २०१९ अखेर सर्वत्र लागू झाली, व प्रयोगशाळा अवघ्या आठ उरल्या. विषाणु नाहीं असा निकाल पूर्वींच्या निर्दोष निकालापेक्षां अधिक काळ विश्वासार्ह असतो. तथापि पहिला प्रश्न तेथेंही पुन्हा उभा राहिला आहे. २०२३ सालीं तेथें वेळेवर तपासणी झालेल्या स्त्रियांचें प्रमाण शेंकडा ६९ च्या आसपास उतरलें होतें. यंत्र सुधारलें, आणि हजेरी घटली.

आतां आपल्या घराकडे वळूं. या विषयांत महाराष्ट्राचें नांव जगाच्या वैद्यकांत आदरानें घेतलें जातें, हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. त्या पायावर, शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, १९९९-२००० च्या सुमारास एक मोठा प्रयोग हातीं घेण्यांत आला. ३० ते ५९ वर्षें वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे गांवांच्या ५२ गटांवरून चार भाग पाडले. एका भागांत विषाणूची तपासणी, दुसऱ्यांत पॅप चाचणी, तिसऱ्यांत शिरक्यासारखें सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पाहणी, आणि चौथ्यांत नेहमींचीच व्यवस्था. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चौथ्या भागांतील ३१,४८८ स्त्रियांपैकीं ६४ या रोगानें वारल्या होत्या. विषाणु तपासलेल्या भागांतील ३४,१२६ पैकीं ३४. आयुष्यांत एकदांच केलेल्या तपासणीनें मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले. पुढें जगानें जी दिशा धरली तिला आपल्या माळरानावरील या बायांनीं मोठा आधार दिला आहे.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून असाच प्रयोग केला. तेथें आम्ल लावून पाहण्याचें काम डॉक्टरांनीं न करतां, मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या व थोडें प्रशिक्षण दिलेल्या बायांनीं केलें. या पद्धतींत प्रयोगशाळा नाहीं, टपाल नाहीं. निकाल तेथल्या तेथें मिळतो. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें मृत्यु शेंकडा ३१ नीं घटले. मी स्वतः मॅट्रिकच असल्यामुळें हें वाचून मला विशेष आनंद झाला, हें लपवीत नाहीं. या प्रयोगांवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला. तुलनेसाठीं ज्यांना तपासणीविना ठेवलें त्या स्त्रियांवर अन्याय झाला नाहीं काय, असें कित्येकांनीं विचारलें. तो प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. त्या स्त्रियांचें ऋण आपल्यावर आहे, आणि मिळालेलें ज्ञान गांवोगांव पोंचविणें हीच त्याची फेड होय.

ती फेड झाली आहे काय? २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें, ३० ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ही तपासणी एकदां तरी झालेल्या शेंकडा दोनही नव्हत्या. आणि २०२२ सालीं या देशांत सुमारें ८० हजार स्त्रिया या रोगानें दगावल्या असा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ध्येय ठेवलें कीं, २०३० पर्यंत शंभरांपैकीं ७० स्त्रियांची वयाच्या पस्तिसाव्या व पुन्हा पंचेचाळिसाव्या वर्षीं तपासणी व्हावी. दोन आणि सत्तर, या अंतरांत आपण उभे आहोंत.

आतां घरची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणत असूं. पुष्कळ वर्षांपूर्वीं गांवाजवळ एक शिबिर भरलें होतें. शेजारणींच्या आग्रहानें ती गेली, पट्टी दिली, आणि परत आली. निकाल येईल असें सांगण्यांत आलें होतें. महिना गेला, दोन महिने गेले. मी एकदां विचारलें तेव्हां ती म्हणाली, "अरे, बोलावलं नाहीं म्हणजे बरंच असेल." मीं मान डोलावली. सुटींत मुलांचे निकाल घरोघर पोंचवून येणारा मी, सख्ख्या बहिणीच्या निकालाची चौकशी करावयास गेलों नाहीं. बायकांचा विषय म्हणून संकोचलों. दोन वर्षांनीं तिला त्रास होऊं लागला. तेव्हां जुने कागद काढतां कळलें कीं, निकाल दहाव्या आठवड्यांतच आला होता. पुन्हा तपासणीस यावें, असें त्यावर लिहिलें होतें. तो कागद एका फाइलींत पडून होता. पत्ता अपुरा होता, म्हणून तो कोणीं पाठविला नाहीं. आक्का त्यानंतर चौदा महिने जगली. शेवटच्या दिवसांतही तिनें कोणाला दोष दिला नाहीं. मी मात्र स्वतःला देतों.

म्हणून, श्रोतेहो, माझी विनंती एवढीच. तिशी ओलांडलेल्या आपल्या घरच्या स्त्रियांना या तपासणीस पाठवा. नमुना देतांना पूर्ण पत्ता लिहिला आहे कीं नाहीं तें पाहा. निकाल कोणत्या दिवशीं मिळेल तें विचारून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करा. आणि त्या दिवशीं निकाल आला नाहीं, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊन विचारा. बायकोला, बहिणीला किंवा सुनेला सवड नसेल, तर घरच्या पुरुषानें जावें. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मी गेलों नाहीं, हें मला आज येथें सांगावें लागलें.